खुंटीवरचं पागोटं

पागोटं डोक्यावर असलं की नाना गावाचे, आणि दाराबाहेरच्या खुंटीवर असलं की फक्त शाळेचे. एवढी एक गोष्ट आमच्या गावात रांगणाऱ्या पोरालासुद्धा कळत होती. मी त्यांच्या हाताखाली दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी मात्र मला ती माहीत नव्हती. मी नरडाण्याच्या स्टेशनवर उतरून, उन्हातून चालत शाळेपाशी पोचलो. दार बंद, बाहेरच्या खुंटीवर लाल पागोटं, आणि पायरीशी पाण्याचा माठ. मी दार वाजवणार तेवढ्यात लिंबाखाली बसलेला एक म्हातारा हात हलवत म्हणाला, "वाजू नका भाऊ. पागोटं टांगेल शे. गुरुजी वाची राह्यनात."

"कोणाला वाचून दाखवतायत?" मी विचारलं.

"कोन्लेच नही. सोतालेच," म्हातारा म्हणाला आणि मला बसायला जागा करून दिली.

तो होता नानांचा मुका तास. दुपारची सुट्टी संपली की वरच्या इयत्तेतली मोठी मुलं बाकीच्यांना घेऊन नाल्यापलीकडच्या शाळेच्या बागेत जायची. तिथं पाणी घालणं, तण काढणं, आणि मग कविता म्हणणं. बाग मुद्दाम लांब घेतली होती, आवाज शाळेपर्यंत येऊ नये म्हणून. तेवढा वेळ आम्ही तिघे मास्तर, म्हणजे नाना, गोविंदा मास्तर आणि मी, दार लावून आत बसायचो आणि उद्याचं नाही, आजचंच, त्या दुपारी शिकवायचं ते तयार करायचो. बोलायचं नाही. बाहेरच्या कोणाला आत घ्यायचं नाही. हे कुठल्याही कायद्यात नव्हतं. नानांच्या डोक्यात होतं, आणि त्यांच्या डोक्यातून काही बाहेर काढणं म्हणजे बाभळीचं खोड उपटण्यातला प्रकार.

आता ज्यांनी खेड्यातली मास्तरकी केली नाही त्यांना वाटेल, एवढं काय त्यात. अहो, खेड्यातला मास्तर म्हणजे गावाची सामाईक विहीर. टपालाची पिशवी त्याच्याकडे, देवी टोचणाऱ्याची यादी त्याच्याकडे, लोकल बोर्डाची औषधाची पेटी त्याच्याकडे. लेकीला पत्र लिहायचं, मास्तर. मामलेदाराला अर्ज, मास्तर. पाटलाचे पाहुणे आले की त्यांच्याशी चार शहाणपणाच्या गोष्टी करायला मास्तर. या सगळ्यातून उरलेला माणूस वर्गात जायचा आणि पुस्तक उघडून म्हणायचा, "हं, कुठपर्यंत आलो होतो आपण?" मुलं सांगायची तिथून पुढे. नाना ह्या प्रश्नावर जळायचे. "कुठपर्यंत आलो होतो हे ज्याला मुलांना विचारावं लागतं," ते म्हणायचे, "त्यानं त्यांच्याच शेजारी पाट घेऊन बसावं. पीठ मळलेलं नाही आणि तवा तापवतोय!"

ते स्वतः पहिलीचा वर्ग घेत. हेडमास्तर माणूस, पण वरचे वर्ग आमच्यावर टाकून पहिली आपल्याकडे ठेवलेली. आणि मुक्या तासाला 'क' ची तयारी करायचे. खोटं सांगत नाही. जमिनीवर बसून बोटानं धुळीत 'क' काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. ओठ हलत, आवाज नाही. मधेच थांबून समोरच्या रिकाम्या जागेकडे भुवई वर करून बघायचे, तिथं कोणी पोर बसलंय आणि त्याला कळलेलं नाही अशा थाटात. मग डोकं खाजवून दुसऱ्याच तऱ्हेनं सांगायला लागायचे. मला पहिल्या आठवड्यात हसू आवरेना. तास संपल्यावर मी म्हणालोच, "नाना, तुम्ही आजवर किती पोरांना 'क' शिकवला असेल!"

"मी पुष्कळांना शिकवला," नाना म्हणाले, "पण आज जो शिकणार आहे तो पहिल्यांदाच शिकणार आहे ना? त्याचा काय गुन्हा?"

विक्षिप्तपणाला तोटा नव्हता. छत्री बारमाही बगलेत, पण उघडायची ती फक्त नकाशावर ऊन पडलं तर. खडू हातात धरण्यापूर्वी कपाळाला लावायचे. फळ्याला कोळसा आणि पाल्याचा रस स्वतः चोळायचे आणि दुसऱ्या कोणी चोळला तर दोन दिवस बोलायचे नाहीत. जेवताना ताटात भाकरीचे तुकडे मांडून हिंदुस्थानचे प्रांत करायचे आणि काकूंनी वरून वरण ओतलं की "अहो, पूर आला!" म्हणून हात वर करायचे. काकू म्हणजे त्यांची बायको, साधी आणि सोशीक. ती मला एकदा म्हणाली, "यांच्याशी संसार केला म्हणजे रोज परीक्षेला बसल्यासारखं वाटतं रे बाबा." पण म्हणताना हसत होती.

गावानं आधी त्यांना वेड्यात काढलं. मग सवय झाली, मग अभिमान वाटायला लागला. शाळेवर पत्रे घालून देणारे मारवाडी शेटजी एकदा आपल्या व्याह्यांना शाळा दाखवायला मुक्या तासातच घेऊन आले. खुंटीकडे बघितलं, आणि व्याह्यांना घेऊन लिंबाखाली बसले. तास संपल्यावर नाना बाहेर आले, पागोटं चढवलं, हात जोडले. शेटजी रागावले नव्हते. व्याह्यांना म्हणत होते, "देखो, हमारे यहाँ मास्तर लोग भी ध्यान लगाते हैं."

डिप्टीसाहेबांचं तसं नव्हतं. ते तालुक्याच्या शाळा तपासणारे अधिकारी, न कळवता आले, आणि टांग्यातून उतरून सरळ दाराकडे निघाले. त्या लिंबाखालच्या म्हाताऱ्यानं त्यांनाही सांगितलं, "वाजू नका." साहेबांनी आयुष्यात असलं वाक्य ऐकलेलं नसावं. ते खरंच बसले. आम्हाला आतून खिडकीच्या फटीतून साहेबांची काठी दिसत होती. गोविंदा मास्तरांना घाम फुटला. मी नानांकडे बघितलं. नानांनी बोट ओठावर ठेवलं आणि धुळीतला 'क' पुसला.

तास संपल्यावर साहेब लालबुंद होऊन म्हणाले, "हेडमास्तर, मी कोण आहे हे ठाऊक आहे?"

"आहे साहेब," नाना म्हणाले. "आता मुलं तपासा. मग मला काय बोलायचं ते बोला."

साहेबांनी मुलं तपासली. पार संध्याकाळ झाली. जाताना ते चहा घेऊन गेले, आणि टांग्यात चढताना म्हणाले, "हा तास मी बोर्डापुढे ठेवतो. प्रत्येक शाळेला तो हक्कानं मिळायला हवा."

त्या दिवसापासून नानांना एकच ध्यास लागला. त्याआधी तास हा त्यांचा हट्ट होता, आता ते त्यांचं स्वप्न झालं. मला म्हणायचे, "हे बघ, आज हा तास माझ्या पागोट्यावर उभा आहे. मी गेलो की पागोटं गेलं, पागोटं गेलं की तास गेला. पुढचा हेडमास्तर मवाळ निघाला तर पाटील पहिल्याच दिवशी आत येऊन बसेल. कायद्यात आला पाहिजे तो. वेळापत्रकात छापून आला पाहिजे. मग मास्तर कसाही असो, त्याला तयारी करायला मिळेल." बोर्डाकडून काही येईना. साहेब आले की नाना विचारायचे, साहेब म्हणायचे, "चाललंय, चाललंय." नाना थांबायला तयार होते. तोवर शाळा अशी ठेवायची की उद्या कोणी बघायला आलं तर एका दिवसाचाही खंड सापडता कामा नये, असं त्यांनी ठरवलं. मग ते फार कडक झाले. पूर्वी कधीमधी कोणी अगदीच गयावया केली तर दार किलकिलं व्हायचं. तेही बंद झालं. गावसभेत उठून त्यांनी सांगितलं, "पागोटं खुंटीवर असेल तर दाराला हात लावायचा नाही. कोणीही. कशासाठीही." लोकांनी माना डोलावल्या. गावाला ते पाठ झालं.

हे लिहिताना हात जड होतो, पण हे टाळून नाना सांगता येत नाहीत.

दिवाळी तोंडावर आलेली. घरोघर रंगसफेदी. नाल्याकडच्या आळीत वेणू नावाची पोर होती, अजून शाळेत न घातलेली. तिच्या मायनं अंगणात चुना विरवायला घातला होता. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो कसा खदखदतो ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पोर वाकून बघायला गेली आणि चुना उडाला तो तिच्या डोळ्यात. आता अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे पाणी. भरपूर पाणी, डोळ्यात ओतत राहायचं. पण त्या माऊलीनं आत्ताच पाहिलं होतं की चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. तिला वाटलं, डोळ्यातही उकळेल. म्हणून पाणी न लावता तिनं पोरीला काखेत मारलं आणि औषधाच्या पेटीसाठी शाळेकडे धाव घेतली.

खुंटीवर पागोटं होतं.

ती लिंबाखाली बसली. हो, बसली. त्या दिवशी तिथं दुसरं कोणी नव्हतं, मुलं बागेत, माणसं शेतात. पायरीशी माठ भरलेला होता, त्यालाही तिनं हात लावला नाही. पोर किंचाळायला लागली तेव्हा गुरुजींच्या वाचण्यात खोळंबा नको म्हणून तिनं तिच्या तोंडावर पदराचा बोळा धरला. आणि वाट बघत राहिली.

तास संपला. नाना बाहेर आले, पागोट्याकडे हात नेला, आणि त्यांना ती दिसली. मी त्यांच्या मागेच होतो. नानांनी माठ उचलला तो दोन्ही हातांनी, आणि पोरीच्या डोळ्यावर पाणी ओतत राहिले, ओतत राहिले, मी विहिरीवरून आणत राहिलो. मग बैलगाडी जोडून त्यांनी स्वतः तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. एक डोळा वाचला. दुसरा गेला. डॉक्टर म्हणाले, लगेच धुतला असता तर कदाचित राहिला असता. डॉक्टर लोक 'कदाचित' हा शब्द फार सहज टाकतात. नानांनी तो उचलून जन्मभर वागवला.

परत आल्यावर नानांनी वेणूच्या मायला विचारलं, "बाई, तू हाक का नाही मारलीस गं?"

ती चांगली गोंधळली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. म्हणाली, "गुरुजी, पागोटं टांगेल व्हतं ना. तुम्हीनच सांगेल शे."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर नाना वाचले असते, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी पागोटं काढलं नाही. मुलं बागेत गेली नाहीत. गोविंदा मास्तर पुस्तक घेऊन आत जाऊन बसले, तर नाना गेले आणि दाराची दोन्ही कवाडं सताड उघडून त्यांना दगड लावून ठेवले. त्यानंतर शाळेत मी त्या माणसाला बोडक्यानं कधी पाहिलं नाही. खानदेशातला वैशाख, सावलीत बसूनही कानशिलं तापतात, आणि हे पागोटं घालून घामानं निथळत वर्गात उभे.

मी पुष्कळ समजावलं. मी म्हणालो, "नाना, तास वाईट नाही. दाराला एक घंटा बांधू. अडल्यानडल्यानं दोरी ओढावी, बस."

नाना म्हणाले, "एक हात पोरीच्या डोळ्यावर, एक तोंडावर. दोरी कुठल्या हातानं ओढणार होती ती?"

"मग आमच्यातला एक जण आळीपाळीनं बाहेर बसेल."

नानांनी दाराचा दगड पायानं आणखी घट्ट सारला. मग म्हणाले, "मला ऐकू आलं होतं. काहीतरी बारीक आवाज. वाटलं मांजराचं पिल्लू असेल. मी धुळीतला 'क' पुसला आणि पुन्हा काढला." एवढं एकदाच बोलले. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

आणि नशिबाचा खोडसाळपणा बघा. उन्हाळ्याआधी डिप्टीसाहेब आले ते पेढे घेऊन. बोर्डानं तास मंजूर केला होता. आधी आमच्या तालुक्यात, आणि नीट चालला तर सगळ्या जिल्ह्यात. आजूबाजूच्या हेडमास्तरांना नानांच्या शाळेत आणून तास कसा चालतो ते दाखवायचं, असं ठरलं होतं. साहेब स्वतः खूश होते. "हेडमास्तर, तुमचा हट्ट जिंकला," ते म्हणाले.

"आमच्या शाळेत तो तास नाही साहेब," नाना म्हणाले.

साहेबांना थट्टा वाटली. मग सगळी हकिगत कळली तेव्हा ते मऊ झाले, म्हणाले, "अहो, हा अपघात. नियमाचा काय दोष?"

"नियम चांगलाच होता," नाना म्हणाले. "मी तो गावाला शिकवला. इतका चांगला शिकवायला नको होता."

साहेबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी मध्ये पडलो, गोविंदा मास्तर मध्ये पडले. आम्हाला तो तास हवा होता हो! त्या तासाशिवायची आमची शिकवणी पुन्हा त्याच वळणावर आली होती, कुठपर्यंत आलो होतो आपण. नाना ऐकेनात. शेवटी साहेब चिडून गेले. ज्या शाळेचा दाखला द्यायचा तीच नाही म्हणतेय म्हटल्यावर बाकीच्या हेडमास्तरांनी कशाला उत्साह दाखवावा? इकडेतिकडे महिना-दोन महिने कोणी दार लावून बसलं, बहुतेक झोपलं, आणि मग तो तास वेळापत्रकातून गळून पडला. कोणी काढला असंही नाही.

नाना तयारी करायचेच. शाळेत येताना वाटेनं ओठ हलवत यायचे. भेटणारा माणूस रामराम करायचा आणि अर्जाचं बोलणं काढायचा, नाना थांबायचे, ऐकून घ्यायचे, पुढे निघायचे तेव्हा धागा तुटलेला असायचा. वेणूला त्यांनी स्वतः घरी जाऊन शाळेत आणलं. मुली शाळेत घालायची पद्धत नव्हती, पण तिच्या बापाला नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. तिला ते उजवीकडे कडेला बसवायचे, म्हणजे तिच्या चांगल्या डोळ्यासमोर फळा यावा. तिला 'क' शिकवला त्या दिवशी मी दारात उभा होतो. नानांनी तो इतका वाईट शिकवला! रेघसुद्धा वाकडी. पोर मात्र पहिल्या फटक्यात शिकली.

पुढे माझी बदली जळगावला झाली, आणि नाना निवृत्त होऊन धुळ्याला गेले. लढाईच्या दिवसांत त्यांचं दुखणं जास्त झाल्याचं कळलं. चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नानांच्या गल्लीत शिरलो तर घराच्या ओट्याखाली, भिंतीच्या सावलीला गावाकडची माणसं बसलेली. तो लिंबाखालचा म्हातारा केव्हाच गेला होता, पण वेणूची माय होती, केस पिकलेले. शेजारी वेणू, आता बाई झालेली, कडेवर मूल. गाडी सोडलेली, बैल रवंथ करताहेत. कोणी बोलत नव्हतं.

"कधी आलात?" मी विचारलं.

"सकायलेच," वेणूची माय म्हणाली.

"सकाळपासून बाहेर? आत का नाही गेलात?"

तिनं दाराकडे बोट केलं. दार ओढून घेतलेलं, आणि बाहेरच्या खुंटीवर लाल पागोटं.

काकूंनी ते उन्हाला म्हणून टांगलं होतं. इतक्या वर्षांनी, धुळ्याच्या घरी, त्या खुंटीचा अर्थ बिचारीच्या ध्यानात कुठून येणार. आजारी माणसाच्या डोक्यावर आता ते राहत नव्हतं, घामाचा वास धरला होता, म्हणून झटकून खुंटीला लावलं, आणि आत त्यांच्या उशाशी बसून राहिली. आणि ही माणसं गाडीनं कोसन् कोस धूळ खात, ज्यांना भेटायला आली त्यांच्या दाराशी येऊन, सकाळपासून, गुरुजी वाचताहेत म्हणून बसली होती.

मला रडू की ओरडू कळेना. मी पागोटं खुंटीवरून काढलं, दार ढकललं आणि त्यांना म्हणालो, "चला."

आत अंधारलेलं होतं. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते, ओठ हलत होते. काकू म्हणाली, "सकाळपासून विचारतायत, गावाकडून कोणी आलं का. मी आपली नाही म्हणतेय." वेणू पुढे झाली, मूल खाली ठेवलं आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. नानांनी मान वळवली. तिला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. बोडक्या डोक्यानं ते मला फार लहान दिसले. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या पाठीमागच्या उघड्या दाराकडे, आणि मग माझ्याकडे. आवाज जवळजवळ नव्हताच.

"बाहेर बसली होती का रे ती?"

"नाही नाना," मी म्हणालो. "आली ती सरळ आतच आली."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात वेणूची माय पुढे आली, त्यांच्या उशाशी वाकली आणि म्हणाली, "हां गुरुजी. आत्तेच उनूत आम्ही. दार उघडं व्हतं, सरळ मझार उनूत."

पागोटं अजून माझ्या हातात होतं. ते मी पाठीमागे धरलं.